बोलत्या पेटीची गोष्ट : आंबोली, किल्लारी आणि बालाघाट

दसरा तोंडावर आला की बीड जिल्ह्यातील गावांचे रूप पालटते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कोयत्यांच्या टोळ्या बालाघाटाचे डोंगर उतरून पश्चिम महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांकडे निघतात. आमच्या लहानशा धर्मग्रामातील काही कुटुंबेही त्यांत असतात, आणि निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सानंतर ती आशीर्वादासाठी थांबतात. अशाच एका रविवारी एक तरुण माझ्या खोलीत आला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात; तो स्वतः गावात मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवितो. त्याने पिशवीतून एक काळी पेटी काढून टेबलावर ठेवली. जाड प्रार्थनापुस्तकाएवढ्या आकाराचा तो बोलता रेडिओ होता. इंग्रजी मुलुखात ज्याला ‘सिटिझन्स बँड’ म्हणतात आणि बोलीत नुसते ‘सीबी’, त्या जातीचा.

पेटीला त्याने एक छोटी डबी जोडली होती. तीत आवाज कमीजास्त करण्याचे एक बटण, वाहिनी पुढेमागे करण्याच्या दोन कळा आणि बोलताना दाबावयाची एक मोठी कळ, जी वायरीने लांबवून ट्रॅक्टरच्या सुकाणूला बांधता येईल. शिवाय ब्ल्यूटूथचा एक तुकडा बसविला होता. त्यामुळे चालकाने कानात यंत्र घातले की हात न गुंतवता बोलणे होई. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर रात्री घाटातून उतरत असताना मागच्या चालकाला मागची ट्रॉली डोलताना दिसते, पुढच्याला दिसत नाही. आणि डोंगराच्या घडीत मोबाईलची रेंज जाते. हे त्याचे प्रयोजन. एका हंगामात त्याच्या वस्तीतील एक ट्रॉली अशीच उलटली होती. वर झोपलेली दोन माणसे गेली.

“फादर, यात आपलं काही चुकतंय का? पोलीस धरतील का?” त्याने विचारले.

प्रश्न साधा होता, परंतु उत्तर शोधू लागलो तेव्हा मला फार मागे जावे लागले. रेडिओ ऐकणे आणि रेडिओवर बोलणे या दोन क्रियांमध्ये आपल्या देशाच्या कायद्याने केवढी भिंत उभी केली होती, हे आजच्या पिढीला सांगूनही खरे वाटत नाही.

किंबहुना ऐकण्यालाही परवाना लागत असे. घरी रेडिओ असेल तर त्याची पुस्तिका टपाल कार्यालयात नेऊन दरवर्षी शुल्क भरावे लागे, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. आमच्या घरी ती पुस्तिका शिधापत्रिकेच्या शेजारी, त्याच डब्यात असे. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यास संपली. मात्र बोलण्याची गोष्ट निराळी. १८८५च्या तार अधिनियमाने आणि १९३३च्या बिनतारी तार अधिनियमाने बिनतारी यंत्र परवान्यावाचून नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. यंत्र चालू आहे की बंद, त्यावर काय बोलले गेले, हा पुढचा विचार.

तरीही बोलणारे होते. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३मध्ये, सरकारमान्य कंपनीचे केंद्र सुरू होण्याच्या चार वर्षे आधी, कार्यक्रम प्रक्षेपित केले. परवाना घेऊन स्वतःच्या हातांनी यंत्र बांधणारे आणि दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारणारे हे हौशी लोक जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखले जातात. १९३९मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारने आपल्याकडील सर्व हौशी चालकांना आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम धाडले. वर्षानुवर्षे एकेक भाग जमवून उभी केलेली यंत्रे पोलीस ठाण्याच्या कोठारात गेली.

पण ज्ञान कोठारात जमा करता येत नाही. ऑगस्ट १९४२मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव होऊन पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांची तोंडे बांधली गेली, तेव्हा मुंबईतील काही तरुणांनी गुप्त आकाशवाणीचा घाट घातला. उषा मेहता ही २२ वर्षांची विद्यार्थिनी, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी हे त्यांतील प्रमुख. यंत्र बांधण्याचे काम नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओ तंत्रज्ञाने केले, तर काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओ या पेढीच्या नानक मोटवाने यांनी साहित्याचे साहाय्य केले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. पोलिसांच्या शोधगाड्या लहरींचा माग काढीत फिरत, म्हणून ही मंडळी यंत्र उचलून वारंवार घर बदलीत. १२ नोव्हेंबरला यंत्र सापडले. ते दुसऱ्या कोणामुळे नव्हे, तर तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागल्यावर त्यानेच जागा दाखविल्यामुळे. खाकर यांना पाच वर्षांची व उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. ज्याच्या हातांवाचून एक शब्दही उमटला नसता, त्याच हाताने बोट दाखविले. त्या माणसावर कोठडीत काय गुजरले असेल, याचा न्याय मी तरी करणार नाही.

त्या काळी बीड निजामाच्या राज्यात होते आणि १७ सप्टेंबर १९४८पर्यंत तसेच राहिले. मुंबईच्या या साहसाची कुणकुणही इकडच्या सामान्य शेतकऱ्याला लागली असेल, असे वाटत नाही.

आता ज्या प्रसंगाकडे वळतो, तो आपल्या समाजाला अधिक जवळचा असूनही आपल्यात फारसा सांगितला जात नाही. देश स्वतंत्र झाला तरी गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली पोर्तुगीजांकडेच राहिले होते. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी दादरा व नगरहवेली मुक्त केली. (त्या स्वयंसेवकांत सुधीर फडके होते. ‘गीतरामायणा’ला चाली देणाऱ्या बाबूजींचे हे दुसरे रूप पुष्कळांना ठाऊक नसते.) त्या मोहिमेत पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती आले. एका ठाण्याने दुसऱ्या ठाण्याशी बोलावे, एवढ्याच कामासाठी ते घडविलेले होते.

पुढल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. भारताने सीमा बंद केली. गोव्याच्या आत सालाझारच्या राजवटीची जबर प्रसिद्धिनियंत्रणे होती. वृत्तपत्रांतील ओळ न् ओळ तपासली जाई. आतल्या माणसाला बाहेरचे सत्य कळावे कसे? तेव्हा त्या दोन संचांचा विचार पुढे आला. ठाण्याठाण्यांतील निरोपाच्या यंत्रांचे रूपांतर जनतेला ऐकू जाणाऱ्या आकाशवाणी केंद्रात करण्यात आले. दोघांतले बोलणे हजारोंचे झाले.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी हे केंद्र बोलू लागले. त्याची जागा होती आंबोलीचे जंगल, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सह्याद्रीचा माथा, जेथून खाली गोव्याच्या दिशेने लहरींना आडकाठी नाही. पुढे ते कॅसलरॉकच्या अरण्यात हलले. यंत्र एका मालमोटारीत होते. कार्यक्रम पोर्तुगीज आणि कोकणी या दोन भाषांत होत. पोर्तुगीजमध्ये नाव ‘व्होज द लिबेर्दाद’, तर कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. चालविणारे मुख्यत्वे दोघे, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. आरंभी निकोलाव मिनेझिसही त्यांच्यासोबत होते.

लिबिया लोबो हे नाव वाचून माझ्या वाचकांचे कान टवकारले असतील, आणि ते योग्यच आहे. गोव्यातील एका ख्रिस्ती कुटुंबातील ही मुलगी मुंबईत शिकली आणि तीस-एकतीस वर्षांची असताना अरण्यात राहावयास गेली. पोर्तुगीज सत्ता म्हणजेच ख्रिस्ती धर्म, ती गेली की धर्मही गेला, असा प्रचार लिस्बनहून अखंड चालू होता. त्या प्रचाराला एका कॅथॉलिक स्त्रीचा आवाज रोज उत्तर देत होता, तोही त्यांच्याच भाषेत. हे उत्तर एखाद्या मंत्र्याच्या भाषणापेक्षा अधिक झोंबणारे होते, असे माझे मत आहे. पाऊस, जळवा, साप, रात्री भोवती फिरणारी श्वापदे, आणि सर्वांत कठीण म्हणजे एकटेपणा. सहा वर्षे त्यांनी हे सोसले. ऐकणाऱ्याचे उत्तर त्यांना कधी ऐकू येत नसे. मूळच्या संचाला दोन्ही बाजूंनी बोलता येत होते. रूपांतराने त्याची हाक लांब पोहोचू लागली, पण त्याचा कान गेला.

डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, त्याआधी शरण येण्याविषयीचा भारताचा संदेश पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला याच केंद्रावरून ऐकविण्यात आला. १९ डिसेंबरला शरणागती झाली. त्यानंतर लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांना ध्वनिवर्धक बसविलेल्या विमानातून गोव्यावर फिरविण्यात आले, आणि ४५१ वर्षांची सत्ता संपल्याची वार्ता त्यांनी आकाशातून सांगितली. पुढे दोघांनी विवाह केला. लिबियाबाईंना २०२५मध्ये, वयाची शंभरी उलटल्यावर, पद्मश्री जाहीर झाली.

या इतिहासात एका धर्मगुरूचाही उल्लेख केला पाहिजे. न केला तर माझ्या येशूसंघीय मित्रांचा रोष ओढवेल. फादर मार्शल मोरान हे मूळचे शिकागोचे, पाटण्याच्या मिशनमध्ये आलेले आणि १९५१मध्ये काठमांडूजवळ गोदावरी येथे शाळा काढणारे येशूसंघीय. नेपाळमधून हौशी रेडिओवर बोलणारे ते कित्येक वर्षे जवळजवळ एकटेच होते. त्यांचे सांकेतिक नाव ‘नाइन एन वन एम एम’, आणि शेवटच्या दोन ‘एम’चा अर्थ ते ‘मिकी माऊस’ असा सांगत. जगभरचे हौशी चालक त्यांचा आवाज गाठण्यासाठी रात्री जागवीत. १९९२मध्ये ते निवर्तले. शाळा, मिस्सा आणि रेडिओ या तिन्हींत त्यांना विरोध दिसला नाही.

यानंतरचा प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या रात्री गणेश विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. तीन वाजून छपन्न मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर भूमी हादरली आणि किल्लारी, सास्तूर व भोवतालची गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. अंबाजोगाईहून हे अंतर फार तर शंभर किलोमीटर. बीड जिल्ह्यातील किती तरी घरांतल्या लेकी तिकडे दिलेल्या होत्या. मी तेव्हा सेमिनरीत होतो आणि मदतकार्यासाठी गेलेल्या तुकडीत होतो. सरकारने हौशी रेडिओचालकांची पथकेही तेथे धाडली होती. ज्यांची यंत्रे १९३९मध्ये काढून घेतली, त्यांच्याच वारसांना आता सरकार बोलावून नेत होते. ही गोष्ट मला फार पुढे उमगली. त्या वेळी तेवढे वाचन नव्हते.

पाऊस चालू होता. एका तंबूत मोटारीच्या बॅटरीवर एक संच मांडलेला होता आणि बाहेर बाभळीपासून एका बांबूपर्यंत तार ताणलेली होती. चालक चाळिशीचा गृहस्थ. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. निरोपांची वही त्याच्यापुढे होती. जिवंत कोण, जखमी कोण, कोणत्या दवाखान्यात, हे तो एकेक नाव सुटे करून वाचीत होता. दुसऱ्या टोकाचा चालक ते टिपून टेलिफोनने घरोघर कळवीत असे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक म्हातारा आला. त्याचा मुलगा पुण्यात कामाला होता, आणि पुण्याच्या चालकाने मुलाला आपल्या घरी बोलावून बसविले होते. आपल्या तंबूतल्या गृहस्थाने ध्वनिक्षेपक म्हाताऱ्याच्या हाती दिला आणि बोलताना कळ दाबून धरा, बोलून झाले की सोडा, असे समजाविले.

अशा संचावर एका वेळी एकालाच बोलता येते. कळ दाबलेली असेल तोवर आपण नुसते बोलतो. पलीकडचा कितीही ओरडला तरी आपल्याला ऐकू येत नाही. म्हाताऱ्याने कळ दाबली. “तुझी माय गेली रे,” एवढे तो बोलला, आणि पुढे शब्दच फुटेना. पण अंगठा कळीवरच राहिला. पलीकडे मुलगा काय म्हणत होता, ते कोणालाच ऐकू येत नव्हते. त्या गृहस्थाने काही न बोलता म्हाताऱ्याचा अंगठा आपल्या हाताने हळूच उचलला. तंबूत मुलाचा आवाज आला. “आबा, तुम्ही कसे आहात?” तो बहुधा तिसऱ्यांदा विचारीत असावा.

पुढे अनेक वर्षे मृत्यूच्या घरी गेलो की तो अंगठा मला आठवे.

परंतु आमच्या तरुणाचा संच हौशी चालकांचा नव्हे. हौशी चालकाला परीक्षा द्यावी लागते, आणि त्याला पुष्कळ लहरींवर अधिक शक्तीने बोलण्याची मुभा असते. ‘सिटिझन्स बँड’ची कल्पनाच परीक्षेवाचून सामान्य नागरिकाला बोलता यावे, ही. तिचे मूळ अमेरिकेत. १९५८मध्ये तेथे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची एक पट्टी नागरिकांसाठी खुली झाली. १९७३च्या तेलटंचाईनंतर मालमोटारींच्या चालकांनी ती अक्षरशः डोक्यावर घेतली. पुढे कुठे इंधन मिळते, कुठे पोलीस उभे आहेत, हे ते एकमेकांना सांगू लागले. गर्दी एवढी झाली की १९७७मध्ये २३ वाहिन्यांच्या ४० कराव्या लागल्या.

आपल्याकडे हे दार २००५मध्ये उघडले. त्या वर्षी केंद्र सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्टीतील, जास्तीत जास्त ५ वॅट शक्तीच्या, मान्यताप्राप्त बनावटीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. दुसऱ्याच्या लहरींत व्यत्यय आणू नये आणि स्वतःला व्यत्यय आला तर तक्रार करू नये, अशी त्यामागची अट. दैवाची गंमत अशी की दार उघडले तेव्हा आत यावयास कोणी उरले नव्हते. १९९५मध्ये देशात मोबाईल आला होता, आणि दहा वर्षांत तो गावोगाव पोहोचला. हीच सूट १९९३पूर्वी मिळाली असती तर? मराठवाड्यातील ग्रामपंचायतींत, एसटीच्या आगारांत असे संच सहज राहिले असते, आणि किल्लारीला बाहेरून पथके येण्याची वाट पाहावी लागली नसती. सुरक्षेच्या नावाने नाकारलेल्या गोष्टीची किंमत कधी कधी अशा हिशेबात मोजावी लागते, जो कुठल्याच खात्याच्या वहीत नसतो.

आता तरुणाच्या डबीकडे येतो. ती मी निरखून पाहिली. त्याने संचाचे पोट फाडलेले नव्हते. ध्वनिक्षेपकाच्या आणि बाहेरच्या कर्ण्याच्या खोबणींतूनच सारी जोडणी केली होती. डाख दिला होता तो आपल्या डबीत. प्रक्षेपणाच्या मंडलाला हात न लावल्याने संचाची शक्ती आणि लहर होती तीच राहिली. ही सूज्ञता त्याला कोणी शिकविली नव्हती. ग्राहकाचा मोबाईल उगाच उघडू नये, हे दुकानातले शहाणपण त्याने इकडे लावले. हात मोकळे ठेवण्याचा विचारही योग्यच. २०१९च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने चालविताना हातात संपर्कयंत्र धरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. आणि कायदा नसता तरी उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढताना एका हाताने सुकाणू धरणारा चालक मला नको.

एक उणीव मात्र होती. ब्ल्यूटूथमुळे आवाज किंचित उशिरा पोहोचे आणि प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द गिळला जाई. ‘थांब, वळू नको’ म्हटले तर पलीकडे ‘वळू नको’ एवढेच जाई. घाटात हा एक शब्द म्हणजे जीव. तेव्हा कळ दाबल्यावर मनात ‘एक’ म्हणावे आणि मगच बोलावे, असा नियम आम्ही दोघांनी ठरविला. दुसरी गोष्ट तारेची. २७ मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटर लांब. तिच्या चतुर्थांशाची काठी घ्यावी तर ती पावणेतीन मीटर भरते, आणि ट्रॅक्टरवर ती विजेच्या तारांना अडकेल. म्हणून त्याने बुडाशी वेटोळे घातलेली आखूड काठी बसविली होती. पल्ला त्यामुळे घटतो. पण दोन ट्रॅक्टरांमध्ये अंतर तरी किती असते?

सगळे झाल्यावर त्याने पिशवीतून आणखी एक डबी काढली. ती त्याने मोठ्या शहरातील बाजारातून आणली होती. “ही लावली की शंभर वॅट होतात, फादर. थेट कारखान्यापर्यंत आवाज जाईल.”

ही डबी लावली तर सूट संपते, दुसऱ्यांच्या लहरींत घुसखोरी होते आणि मग पोलिसांचे धरणे न्याय्य ठरते, हे मी त्याला सांगितले. त्याने दोन हजार रुपये मोजले होते. तो थोडा वेळ ती डबी हातात उलटसुलट करीत राहिला. मग म्हणाला, “तुमच्याकडंच राहू द्या मग. दुकानात ठेवली तर कधीतरी लावूशी वाटंल.”

त्या हंगामात दोन ट्रॅक्टर त्या संचांसह गेले आणि पाडव्याच्या आधी सुखरूप परतले. डबी मात्र अजून सॅक्रिस्टीच्या कपाटात, मेणबत्त्यांच्या खोक्यामागे पडून आहे.